सराव नेमका कोणाचा चाललाय?

ताई, मी ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सहावीच्या दोन तुकड्या. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी आठ-दहा जणांच्याच घरी मराठी बोलतात. बाकीची मल्याळी, तमिळ, गुजराती आणि बरीचशी हिंदी भाषक. जूनपासून आमच्याकडे दर शुक्रवारी एक ‘डिजिटल ॲक्टिव्हिटी’ घ्यायचीच, असा नियम झालाय. त्यामुळे गुरुवारी रात्री जेवणं आवरली की मी लॅपटॉप घेऊन बसते. कधी कहूट, कधी वर्डवॉल, म्हणजे क्विझ आणि शब्दखेळ तयार करायच्या वेबसाइट. एक वाजतो. शुक्रवारी मुलं बाकांवरून उड्या मारतात, पालकांच्या ग्रुपवर फोटो जातात, सगळे खूश. पण परवाच्या चाचणीत ‘रस्ता’ या शब्दाला ‘ला’ लावून लिहा म्हटलं, तर एकतीस जणांनी ‘रस्ताला’ लिहिलं. हा प्रश्न क्विझमध्ये तीनदा येऊन गेला होता! मागच्या शुक्रवारी तर अक्षरं जुळवायचा खेळ उघडला आणि पडद्यावर ‘पुस्तक’च्या ठिकऱ्या. उकार एकीकडे, अर्धा स एकीकडे. मुलं हसली, मला रडू यायचं बाकी होतं. शेजारच्या वर्गावरची तरुण टीचर हे सगळं अर्ध्या तासात उरकते. मी ४७ वर्षांची आहे. हे सोडून द्यावं का? की मलाच जमत नाहीये?

– एक मराठी टीचर, ठाणे

प्रिय टीचर,

‘प्रिय बाई’ असं लिहिणार होते, पण तुमच्या शाळेत तो शब्द चालत नसेल.

पत्र वाचून मी आधी हिशेब केला. रात्री नऊ ते एक, म्हणजे चार तास. या चार तासांत तुम्ही वाक्यं रचता, शब्द निवडता, कोण कुठे फसेल याचा विचार करून चुकीचे पर्याय शोधता, ऱ्हस्व-दीर्घ तपासता. मराठीचा इतका कसून सराव दुसरा नसेल. फक्त तो तुमचा होतो. शुक्रवारी मुलांच्या वाट्याला येतं ते कहूटच्या पर्यायांतल्या लाल त्रिकोणावर बोट टेकवणं. तुमचं मराठी आधीच चांगलं आहे हो. ज्यांना सराव हवाय ती सगळी गुरुवारी रात्री गाढ झोपलेली असतात.

तेव्हा सोडू नका, पण हे काम ज्यांचं आहे त्यांच्याकडे सरकवा. ते कसं, ते सांगते. आधी त्या ‘रस्ताला’चं बघू, कारण खरं दुखणं तिथे आहे.

लग्नकार्यात एखादी लांबची आत्या समोर येते. चेहरा लगेच ओळखू येतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. चार पर्यायांतून ‘रस्त्याला’ ओळखणं हे चेहरा ओळखण्यासारखं आहे. कोऱ्या ओळीवर ‘रस्त्याला’ लिहिणं म्हणजे नाव आठवणं. तुम्ही सराव पहिल्याचा दिला आणि परीक्षा दुसऱ्याची घेतली. शिवाय मी पैजेवर सांगते, तुमच्या चार पर्यायांत एक ‘रस्ताला’ होताच. म्हणजे मुलांनी तो तीन शुक्रवार मोठ्या ठळक अक्षरांत, रंगीत चौकटीत पाहिला. १९९० मध्ये लॅरी जॅकोबी आणि ॲन हॉलिंग्सहेड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की चुकीचं स्पेलिंग नुसतं वाचलं, तरी नंतर आपल्या हातून तशीच चूक व्हायची शक्यता वाढते. वह्या तपासून तपासून माझं स्वतःचं ‘आशीर्वाद’ डळमळीत झालं होतं, ते या दोघांमुळे मला कळलं. नाहीतर मी वयाला दोष देत बसले होते.

म्हणून एक नियम करून टाका. पर्यायांत चुकीचा शब्द असू नये, चुकीच्या जागी बसलेला बरोबर शब्द असावा. ‘मी ____ चालत होते’ याच्याखाली रस्त्याला, रस्त्याने, रस्त्याचा, रस्त्यावर असे पर्याय द्या. चारही शुद्ध आहेत. मुलाला विचार करावा लागतो, आणि चुकलं तरी डोळ्यात भलतं काही घुसत नाही. यात ‘रस्त्याने’ आणि ‘रस्त्यावर’ यांवर वाद होईल. होऊ दे. तेवढे दोन शब्द तरी तोंडातून जातील.

आता सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. मराठी शिकणाऱ्याला खरी ठेच इथे लागते. हिंदीत ‘रास्ते को’ म्हणताना थोडंसं बदलतं, पण आपल्याकडे ससा सशाला होतो, मासा माशाला, भिंत भिंतीला, घोडा घोड्याला. यादी पाठ करून हे कोणालाच येत नाही. मी निवृत्त झाल्यापासून नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सात-आठ मुलांना मराठी शिकवते, सगळी अमराठी. त्यांच्यासाठी मी जो खेळ केला त्याला ना ॲप लागलं ना इंटरनेट. ट्रान्स-हार्बर लोकलची स्टेशनं. ठाण्याहून वाशीकडे निघालो की प्रत्येक स्टेशनला एक जण उभा राहतो आणि ‘मी ____ उतरणार’ हे वाक्य पुरं करतो. ठाण्याला, ऐरोलीला, रबाळ्याला, घणसोलीला, कोपरखैरण्याला, तुर्भ्याला, सानपाड्याला, वाशीला. बघा, एका लोकलमध्ये किती प्रकार आले. एकारान्ताचं काय होतं, ईकारान्त तसंच कसं राहतं, ‘पाडा’चं ‘पाड्या’ का होतं, सगळं खिडकीतून दिसतं. पनवेलच्या फाट्याला वळलात की नेरूळ, बेलापूर, खारघर. ही नावं काहीच न बदलता ‘ला’ घेतात, तो आणखी एक धडा. पर्याय द्यायचे नाहीत. मूल गडबडलं की गाडी थांबते, सिग्नल लागला म्हणायचं, आणि पुढचा मदतीला येतो.

(‘तुर्भेला’, ‘कोपरखैरणेला’ असं आता मराठी घरांतली मुलंही बोलतात. माझ्या कानाला खटकतं. पण बोलताना मी टोकत नाही, लिहिताना मात्र सोडत नाही. यावर दुमत असू शकतं.)

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट म्हणजे कहूट. तुम्हाला त्यातलं गुणांचं गणित कोणी सांगितलंय का? बरोबर उत्तराला जास्तीत जास्त हजार गुण, आणि जसजसा वेळ जातो तसतसे ते उतरत जातात. अगदी शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर दिलंत तर साधारण पाचशे. वीस सेकंदांची वेळ लावली असेल, तर चार सेकंदांत दाबणाऱ्याला नऊशे आणि सोळा सेकंदांत दाबणाऱ्याला सहाशे. दोघांनाही उत्तर येत होतं! फरक एवढाच की पहिल्याच्या घरी मराठी पेपर येतो आणि दुसऱ्याला देवनागरी अजून बोट लावून वाचावी लागते. म्हणजे दर शुक्रवारी तुम्ही मराठी येणाऱ्यांना मराठी येण्याबद्दल बक्षीस देता, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो तळाला राहतो. दोनेक महिन्यांत तो वाचणंच सोडतो, रंग बघून दाबतो. वेळ १२० सेकंद करा. तेच चार आणि सोळा सेकंद आता ९८३ आणि ९३३ गुण देतात. वर्ग लगेच शांत होतो. फोटो थोडे फिके येतील.

‘पुस्तक’च्या ठिकऱ्यांबद्दल मात्र जिवाला लावून घेऊ नका. चूक तुमची नाही. आपल्या डोळ्याला ‘पुस्तक’ तीन अक्षरांचं दिसतं: पु, स्त, क. कॉम्प्युटरच्या पोटात त्या सहा वेगळ्या खुणा असतात: प, उकार, स, हलन्ताची खूण, त, क. अक्षरं विस्कटून जुळवायचे बरेचसे खेळ रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले. ते प्रत्येक खूण सुटी करतात, आणि मग ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला बिचारा उकार पडद्यावर येतो. एकेक अक्षर ओळखून शब्द शोधायच्या ‘हँगमॅन’चंही तेच होतं. तेव्हा मराठीसाठी अक्षरांचे खेळ पडद्यावर घेऊच नका, ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर घ्या. पडद्यावर शब्द विस्कटून वाक्य जुळवायचा खेळ घ्या. वर्डवॉलमध्ये तो वेगळा मिळतो.

त्यातही एक गोम आहे. मराठीत शब्दांचा क्रम बऱ्यापैकी मोकळा. ‘काल मी तलावपाळीला गेले’ बरोबर, ‘मी काल तलावपाळीला गेले’ हेही बरोबर, पण यंत्राला तुम्ही भरलेलं एकच मान्य. मी एकदा अगदी बिनतोड म्हणून ‘माझ्या मोठ्या भावाच्या दुकानात’ दिलं, तर एका मुलीने ‘माझ्या भावाच्या मोठ्या दुकानात’ जुळवून दाखवलं आणि यंत्राने तिला फुली दिली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की यंत्राने चूक ठरवलेलं वाक्य बरोबर आहे हे जो पटवून देईल त्याला दुप्पट गुण. तो गुण मिळवायला मुलं जितकं मराठी बोलतात तितकं एरवी महिन्यात बोलत नाहीत.

टाइप करून उत्तर द्यायचे प्रश्न ठेवणार असाल तर आणखी एक सापळा आधीच सांगून ठेवते. ‘दुसऱ्या’मधला तो ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो मात्र अगदी एकसारखा. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडखूण येते. ‘ॲ’चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीच्या सवयीने अजूनही कित्येक जण ‘अ’वर चंद्र देतात. मूल बरोबर लिहितं, यंत्र चूक म्हणतं, आणि मुलाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. गूगल फॉर्ममध्ये एका प्रश्नाला अनेक बरोबर उत्तरं भरता येतात. दोन्ही रूपं भरून ठेवा, नाहीतर असे शब्द सरळ टाळा.

ऐकण्याचे खेळ तुम्ही घेता की नाही ते पत्रात नाही. नसाल घेत तर हे पहिलं करा, कारण यात पारडं उलटं होतं. फोनवर स्वतःच्या आवाजात म्हणा: वेल, वेळ. काल, काळ. मूल, मूळ. कोणता शब्द ऐकला, तो लिहायचा. ‘ळ’ मल्याळममध्ये आहे, तमिळमध्ये आहे, गुजरातीत आहे. हिंदी भाषक मूल अडखळतं आणि केरळचं मूल एका झटक्यात सांगतं. एरवी मराठीच्या तासाला मान खाली घालून बसणारी एक मल्याळी मुलगी माझ्याकडे ‘ळ’ची मॉनिटर झाली. मग पुढच्या आठवड्यात ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे ‘च’ ऐकवा. लिहिताना एकच, म्हणताना निराळे. इथे मराठी घरातली मुलंसुद्धा चकित होतात, कारण त्यांनी याचा कधी विचारच केलेला नसतो.

आणि दर आठवड्याला नवा क्विझ कशाला? कोणी सांगितलं? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवायचा ताण पडला की ते टिकतं, आणि थोडं विसरल्यावर आठवलं तर जास्तच. म्हणजे जुलैतला क्विझ ऑगस्टमध्ये पुन्हा घ्या, दिवाळीनंतर पुन्हा घ्या. वर्षाला आठ-दहा चांगले पुरेत. ज्या शुक्रवारी जुना क्विझ परत येतो त्या गुरुवारी तुम्ही दहा वाजता झोपायचं.

आता मुलांकडे काम सरकवण्याचं. चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाला एक घटक. बुधवारच्या तासाला त्यांनी कागदावर तीन प्रश्न तयार करायचे. बरोबर उत्तर, तीन फसवे पर्याय, आणि प्रत्येक फसव्या पर्यायापुढे एका ओळीत ‘इथे कोण फसेल आणि का’ हे मराठीत लिहायचं. ही शेवटची ओळ सोडू नका, सगळा जीव तिच्यात आहे. ‘हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, म्हणून हिंदीवाला फसेल’ असं एका सातवीतल्या मुलाने मला लिहून दिलं. तो स्वतः हिंदीवाला. पुढच्या रविवारी तो संसार, कपाट, चेष्टा आणि राग हे चार शब्द स्वतःहून घेऊन आला. हे मी त्याला पाच वर्षं सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

कागदावरच, हं. थेट फोनवर नाही. फोनचा कीबोर्ड इंग्रजी अक्षरांत ‘शाळेत’ लिहायला घेतलं की पुरा शब्द शुद्ध करून पुढ्यात ठेवतो. मग ते कष्ट कीबोर्डने घेतले, मुलाने नाही. कागद तुम्ही लाल पेनने तपासा, गट तो सुधारेल, आणि मगच एक जण टाइप करेल. सुरुवातीला प्रश्न टुकार येतील. ‘माझा आवडता क्रिकेटपटू कोण?’ हाही येईल. महिनाभर कळ काढा.

मी हे पहिल्यांदा केलं ते शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, साधारण २०१० साली. तेव्हा ‘हॉट पोटॅटोज’ नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात भाषा शिकवणाऱ्यांसाठी केलेलं आणि २००९ पासून सगळ्यांना मोफत झालेलं. गाळलेल्या जागा, जोड्या, शब्दकोडं, विस्कटलेलं वाक्य, सगळं त्यात होतं, आणि इंटरनेट नसलं तरी चालायचं. दिसायला अगदी सुतकी. ना संगीत, ना टाळ्या. लॅबमध्ये बारा मशीन, त्यांतली नऊ चालू. पण प्रश्न मुलं करायची आणि दुसऱ्या तुकडीला घालायची, त्यामुळे आमच्याकडे जी गर्दी व्हायची ती आजच्या रंगीत पडद्यांपुढेही मला दिसलेली नाही. ‘ब’ तुकडीला हरवायचं होतं ना!

तुमच्याकडे मुलांना शाळेत फोन चालत नसतील तर ‘प्लिकर्स’ बघा. मुलांच्या हातात कागदी कार्ड, ते ज्या बाजूने धरतील ते उत्तर, आणि तुमच्या एकट्या फोनचा कॅमेरा सगळा वर्ग टिपतो. घरून खेळायला देणार असाल तर मुलांची खरी नावं, ईमेल यांच्या भानगडीत पडू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची संमती लागते. टोपणनावं द्या. आमच्याकडे भाज्या आहेत. कारलं सध्या पहिल्या नंबरवर आहे.

मुख्याध्यापिकांशी बोलायला घाबरू नका. त्यांनाही वरून विचारणा होत असणार. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, आणि सुरुवातच पहिली आणि सहावीपासून झाली. पण घरी मराठी नसलेल्या कित्येक मुलांचं मराठी सहावीतही बालवाडीतच असतं, हे त्यांना एकदा शांतपणे सांगा. शुक्रवारी फोटो पाठवायचाच असेल तर उड्या मारणाऱ्या मुलांचा नको, गटाने लिहिलेल्या कागदाचा पाठवा, लाल पेनच्या खुणांसकट. पालक तो जास्त वेळ बघतील. मी पाठवून पाहिलाय.

तरुण टीचर अर्ध्या तासात करते ते करू दे. तिचे क्विझ कसे आहेत ते मला माहीत नाही, तुम्हालाही कदाचित नसेल. तिला तुमचं ‘कोण फसेल आणि का’ द्या, तिच्याकडून बटणं कुठली दाबायची ते घ्या. वयाचा प्रश्न बटणांपुरताच आहे, आणि तो दोन दुपारी बसलात की सुटतो.

सोमवारी स्टेशनांच्या खेळाने सुरुवात करा. तुमची मुलं ठाण्याची, लोकल त्यांना पाठ असेल. एकच गोष्ट आधी सांगते. ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये २०२४ च्या जानेवारीत एक नवं स्टेशन झालंय, दिघा गाव. वर मी ते मुद्दामच गाळलं. माझ्या वर्गात त्या स्टेशनला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘टीचर, दिघा गावला, की दिघा गावाला?’ मी उत्तर दिलं नाही. ऐकून या म्हटलं. पुढच्या रविवारी तिघं जण तिथल्या रिक्षावाल्यांना, भाजीवालीला आणि तिकिटाच्या रांगेतल्या एका आजोबांना विचारून आले. कोणीच दोन्हींतलं काही म्हणालं नव्हतं. सगळे म्हणाले, ‘दिघ्याला.’